इंजिन चालू, ट्रॅक्टर जागेवर! जुन्या हायड्रोस्टॅटिक गार्डन ट्रॅक्टरचं दुखणं कसं शोधायचं?

ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळणे तेवढे काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू झाला. आपला एक श्रोता अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो, मूळचा गडहिंग्लजकडचा. त्याचा आवाज अगदी रडवेला. "दादा, शेजारच्या आजोबांकडून जुना गार्डन ट्रॅक्टर घेतला, ४०० डॉलरला. दोन महिने मस्त चालला. मग चढावर थांबायला लागला. आता इंजिन चालू होतं, पण गाडी हलतच नाही. इथला दुरुस्तीवाला म्हणतो ट्रान्समिशन गेलं, ९०० डॉलर लागतील, त्यापेक्षा भंगारात घाल. पण आजोबा वृद्धाश्रमात गेलेत. जाताना म्हणाले होते, बाकी काहीही कर, पण हा भंगारात घालू नकोस. आता काय करू?"

मी त्याला एकच उलट प्रश्न विचारला. "ट्रान्समिशन गेलं हे त्या माणसाने उघडून बघितलं का?"

उत्तर आलं, "नाही. लिव्हर पुढे-मागे करून बघितला फक्त."

मंडळी, आजचा सगळा भाग या एका उत्तरावर आहे. 'गाडी हलत नाही' ही तक्रार झाली. ते निदान नाही. ताप आहे म्हटल्यावर डॉक्टर लगेच किडनी बदलायला सांगत नाही ना? तसंच इथे.

आधी, हा प्राणी कोणता?

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की नांगर, ट्रॉली आणि ऊस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला गार्डन ट्रॅक्टर त्याचा धाकटा भाऊ. घराभोवती एक-दोन एकर गवत असतं, ते कापायचं. थंडीत दारातला बर्फ ढकलायचा. परसात थोडी माती फिरवायची. ताकद साधारण १० ते २० हॉर्सपॉवर. आणि ही जुनी यंत्रं लोखंडाची, जाडजूड. म्हणून पन्नास वर्षांनंतरही लोक ती वापरतात.

यातलं एक गाजलेलं घराणं म्हणजे 'कब कॅडेट'. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणलं. सुरुवातीची मॉडेलं गिअरवाली होती, क्लच दाबा आणि गिअर टाका. मग त्याच दशकाच्या मध्यात '१२३' हे मॉडेल आलं आणि त्यात गिअर बदलायची भानगडच गेली. एकच लिव्हर: पुढे ढकलला की गाडी पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की उभी. पुढे १२९, १४९ अशी बरीच मॉडेलं याच पद्धतीची निघाली. १९८१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने हा धंदा विकला, नाव मात्र आजही चालू आहे. आपल्या श्रोत्याकडचा ट्रॅक्टर साधारण याच काळातला, याच रचनेचा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तर रस्त्यावर काँक्रीटचा मिक्सर ट्रक बघता ना, ज्याचा ड्रम फिरत असतो? तो याच तत्त्वावर फिरतो. डांबराचा व्हायब्रेटरी रोलर, ऊसतोडणीचं मोठं यंत्र, सगळीकडे हीच हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह. तेव्हा आजचं शिकलेलं वाया जाणार नाही.

दोन सिरिंजांचा जेसीबी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन सिरिंजा आणि सलाइनची नळी जोडून कुणीतरी पुठ्ठ्याचा जेसीबी बनवलेला असतोच. एक सिरिंज दाबली की दुसरी उचलते. मध्ये फक्त पाणी. हायड्रोस्टॅटिक म्हणजे तोच खेळ, फक्त फिरता.

इंजिन एक पंप फिरवतं. पंपात गोलाकार मांडलेले छोटे छोटे दट्टे असतात. त्यांच्यासमोर एक तिरकी होणारी तबकडी असते, तिला स्वॉशप्लेट म्हणतात. तबकडी सरळ असेल तर दट्टे नुसते गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत, म्हणून तेल ढकललं जात नाही. हा न्यूट्रल. तबकडी तिरकी केली की दट्टे आत-बाहेर व्हायला लागतात आणि तेल दाबाने निघतं. जास्त तिरकी, जास्त तेल, जास्त वेग. उलट्या बाजूला तिरकी केली की तेल उलट वाहतं आणि गाडी मागे जाते. तुमच्या हातातला लिव्हर ही तबकडीच हलवत असतो.

ते तेल जातं मोटरकडे. मोटर म्हणजे पंपाचाच भाऊ, उलटं काम करणारा: तेल घेतो, फिरून दाखवतो. तिथून गिअर, डिफरन्शियल, अॅक्सल आणि चाक.

आणखी एक पात्र लक्षात ठेवा, पुढे तेच आपल्याला चोर पकडून देणार आहे. चार्ज पंप. मुख्य चक्करमधलं थोडं तेल सतत फटींतून झिरपत असतं. ते झिरपायलाच हवं, त्यानेच आतले भाग वंगणात राहतात. ही झिरपण भरून काढायला एक छोटा पंप असतो. तो टाकीतून, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या पेटीतूनच, तेल फिल्टरमधून ओढतो आणि दोन चेक व्हॉल्व्हमधून आत भरत राहतो. एक व्हॉल्व्ह पुढच्या दिशेसाठी, एक मागच्या.

आता ताकदीचा रस्ता बघा: इंजिन, शाफ्ट आणि कपलिंग, पंप, तेल, मोटर, गिअर, चाक. सात स्टेशनं. यातल्या कुठल्याही स्टेशनवर गाडी अडली तरी वरून तक्रार एकच: 'हलत नाही'. आणि गंमत अशी की सगळ्यात महागडं स्टेशन मध्ये आहे, सगळ्यात स्वस्त टोकांना. आपण मात्र घाबरून थेट मध्यावर उडी मारतो.

हात लावण्याआधी कान लावा

पहिली चाचणी फुकट आहे. लिव्हर हळूच पुढे करा आणि इंजिनाचा आवाज ऐका.

इंजिन दबलं, घुसमटल्यासारखं झालं, पण चाक फिरलं नाही, तर पंप दाब तयार करतोय. म्हणजे पुढे काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा ब्रेक चिकटलेला असतो.

इंजिनाला काहीच फरक पडला नाही, आपल्याच तालात चालत राहिलं, तर इंजिनावर भारच आलेला नाही. ताकद पंपाच्या आधी किंवा मोटरच्या पुढे कुठेतरी तुटली आहे, किंवा पंप फिरतोय पण त्याच्याकडे तेल नाही, किंवा तेल आतल्या आत निसटतंय.

आणि किंकाळीसारखा आवाज, झटके, थरथर? आपल्या विहिरीवरच्या मोटरने हवा धरली की ती कशी ओरडते, आठवा. तेच इथे. तेल कमी, फिल्टर चोंदलेला, किंवा तेल ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय.

आमच्या श्रोत्याने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. लिव्हर पुढे केला तरी इंजिन अगदी निवांत. जणू तिला सांगितलंच नव्हतं कुणी.

मी विचारलं, "चढावर थांबायचा तेव्हा काय व्हायचं?"

तो म्हणाला, "दादा, थांबायचा आणि मग मागे घसरायचा. एकदा कुंपणाला जाऊन टेकला."

इथे मी त्याला थांबवलं. हे सगळ्यांनी नीट ऐका. हायड्रोस्टॅटिक गाडीत उतारावर गाडीला मुख्य रोख तेलाचा असतो. चाकं मोटर उलटी फिरवू बघतात, पण तेल आणि इंजिन त्यांना अडवून धरतात. मध्ये कुठे साखळी तुटली की तो रोख गेला, मग गाडी गाड्यासारखी घरंगळते. अशा ट्रॅक्टरवर 'अजून एकदा चढावर बघू' हा प्रयोग करायचा नाही. सगळ्या चाचण्या सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून. आणि हे सगळं मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणं म्हणजे विषारी धुरात उभं राहणं.

फुकटातल्या तीन गोष्टी

पहिली, बायपास. बऱ्याच हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरांना गाडी ढकलून न्यायची सोय असते: एखादा दांडा किंवा बटण, जे दाबलं की तेलाला आतल्या आत पळवाट मिळते. कुणीतरी ट्रॅक्टर ढकलायला ती उघडते आणि बंद करायला विसरते. मग पंप बिचारा तेल ढकलतो आणि ते पळवाटेने परत येतं. आपल्या घरात इस्त्री बंद आहे म्हणून इलेक्ट्रिशियन बोलवावा आणि त्याने येऊन फक्त स्विच दाबावा, तसला प्रकार. पण होतो.

दुसरी, तेल. गाडी थंड आणि सपाट असताना काठी बाहेर काढा. पातळी कमी असेल तर आधी भरा, पण कुठलंही नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. कब कॅडेटसाठी कंपनीने 'हाय-ट्रान' नावाचं तेल ठरवलं होतं आणि या हायड्रो मॉडेलांच्या पेटीत ते साधारण साडेसहा लिटर बसतं. रंग बघा. स्वच्छ सोनेरी, छान. काळं आणि जळका वास, म्हणजे फार तापलंय. चहात दूध ओतल्यासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. हे पाणी ओहायोसारख्या ठिकाणी जास्त छळतं. थंडीत ते आत गोठतं, फिल्टरवर बर्फाचे कण बसतात आणि पंपाला तेलच मिळत नाही. सकाळी गाडी हलत नाही, दुपारी ऊन आलं की आपोआप ठीक! असं होत असेल तर भुताटकी समजू नका, तेल बदला. फेस दिसत असेल तर कुठून तरी हवा येतेय.

तिसरी, लिव्हरपासून पंपापर्यंतची जोडणी. एकाने लिव्हर हलवायचा, दुसऱ्याने खाली बघायचं, इंजिन बंद ठेवून. पंपाच्या बाजूला एक आडवा दांडा असतो, तो तबकडी तिरकी करतो. लिव्हर सरकतोय पण हा दांडा जागचा हलत नाही? मग पिन निसटलीय किंवा खाच झिजलीय, पंप निर्दोष. याच झिजलेल्या खाचेमुळे दुसरा एक त्रासही होतो: लिव्हर मध्ये ठेवला तरी गाडी मुंगीसारखी पुढे सरकत राहते. त्यालाही लोक 'पंप खराब' म्हणतात. असते मात्र ती वेल्डिंग आणि सेटिंगची गोष्ट.

आमच्या माणसाचा बायपास ठीक, तेलाची पातळी ठीक, रंग थोडा काळपट. जोडणीही हलत होती.

लिफ्टने दिलेली साक्ष

मग मी विचारलं, "तुझ्याकडे हायड्रॉलिक लिफ्ट आहे ना? गवत कापायचं पातं वर उचलणारी? ती चालते का?"

तो गप्प. मग म्हणाला, "ती पण बंद पडलीय. पण मला वाटलं तो वेगळा प्रॉब्लेम आहे."

मंडळी, इथे केस जवळजवळ सुटली. मघाशी चार्ज पंप लक्षात ठेवायला सांगितला होता. या रचनेत लिफ्टला दाब देणारा पंप तोच, आणि तो मुख्य पंपाच्याच शाफ्टवर बसलेला. म्हणून:

लिफ्ट चालतेय, गाडी हलत नाही? याचा अर्थ शाफ्ट फिरतोय, तेल आहे, चार्ज पंप जिवंत आहे. दोष पुढे शोधा: चेक व्हॉल्व्ह, तबकडीची जोडणी, मुख्य पंप, मोटर, गिअर.

लिफ्टही नाही, गाडीही नाही? दोघांचा जो सामायिक भाग आहे तिथे बघा: तेल, फिल्टर, किंवा सरळ सांगायचं तर शाफ्ट फिरतोय का, हेच.

घरात फक्त एक दिवा गेला तर बल्ब बघतो. सगळं घर अंधारात गेलं तर मीटर बघतो. एवढं साधं आहे हे.

व्हाइटनरची रेघ आणि स्लो मोशन

कब कॅडेटच्या या मॉडेलांत इंजिन पुढे आणि पंप मागे असतो. मधून एक लांब शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना लवचिक कपलिंग असतात. कपलिंगचा हब शाफ्टवर एका पिनेने पक्का केलेला असतो. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाही अशी ही पिन. सगळ्या ट्रॅक्टरची ताकद तिच्यातून जाते. (काही जुन्या ट्रॅक्टरांमध्ये, उदाहरणार्थ व्हील हॉर्सच्या ऑटोमॅटिक मॉडेलांत, शाफ्टऐवजी बेल्ट असतो. तिथे बेल्टचा ताण आणि झीज आधी बघायची. तत्त्व तेच.)

त्याला मी पुढची कृती सांगितली. तुम्हीही लिहून घ्या.

१. इंजिन बंद, चावी बाहेर, स्पार्क प्लगची वायर काढलेली. मगच वरचं झाकण उघडायचं.

२. शाफ्ट आणि हब जिथे एकमेकांवर बसतात तिथे व्हाइटनरने एक सरळ रेघ, दोन्हींवरून जाणारी. दोन्ही टोकांना. व्हाइटनर नसेल तर नेलपॉलिश.

३. फोन स्टँडवर लावायचा, रेघांकडे तोंड करून, स्लो मोशनवर. आधी रेकॉर्डिंग चालू, मग वायर जोडून इंजिन चालू. हात, ओढणी, हूडीची दोरी, काही म्हणजे काही फिरत्या शाफ्टजवळ नको. फोन पडला तर पडू दे, तो नवा घेता येतो.

४. लिव्हर न्यूट्रललाच ठेवायचा, ब्रेक लावलेला. कारण न्यूट्रलमध्येही पंपाचा शाफ्ट फिरतोच, फक्त तेल ढकलत नाही. गाडी हलवायची गरजच नाही.

५. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद. सगळं पूर्ण थांबल्यावर रेघ बघायची.

त्याने व्हिडिओ पाठवला. पुढच्या टोकाची रेघ सरळ. मागच्या टोकाला मात्र हब गरगर फिरतोय आणि पंपाचा शाफ्ट नुसता उभा. रेघेचे दोन तुकडे, दोन वेगळ्या ठिकाणी!

पिन तुटली होती. बाहेर काढल्यावर अजून एक गोष्ट कळली. ती मुळात पिन नव्हतीच. आजोबांनी कधीकाळी तिथे जाड खिळा ठोकून बसवला होता. तो किती वर्षं टिकला असेल देव जाणे. तुटल्यावरही सुरुवातीला गंज आणि घर्षणामुळे हब शाफ्टला धरून ठेवत होता, म्हणून सपाटीवर गाडी चालायची आणि चढावर भार आला की सुटायची. लिफ्टही म्हणूनच कधी उचलायची, कधी नाही. सगळी लक्षणं एका खिळ्यात बसली.

पण हे असंच नेहमी होत नाही

आता लगेच कुणी म्हणू नका की दादा म्हणाला प्रत्येक वेळी पिनच असते. पंप खरंच जातात. ओळखायचं कसं?

उष्णतेने. ट्रॅक्टर सकाळी थंड असताना जोरात चालतो, अर्ध्या तासाने मऊ पडतो, चढ चढत नाही, आणि थंड झाला की पुन्हा ठीक. हे आतल्या झिजेचं लक्षण. दट्टे आणि त्यांची बसायची जागा झिजली की फट वाढते. थंड तेल घट्ट असतं, फटीतून कमी निसटतं. तापलं की पातळ होतं आणि दाब आतल्या आत विरून जातो. तरीही घाई नको. पंपावरचा पंखा तुटलाय का, पट्ट्यांमध्ये गवत आणि धूळ भरून जाड थर बसलाय का, तेल चुकीचं आहे का, हे आधी बघा. पंपाला हवाच लागत नसेल तर निरोगी पंपही तापणार.

एकाच दिशेने जातो, दुसऱ्या दिशेने नाही? मग चेक व्हॉल्व्हवर संशय. एका बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की त्या दिशेचं तेल निसटतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकसारखे असतील तर एक भारी युक्ती आहे: दोघांची अदलाबदल करा. आता आजार दुसऱ्या दिशेला गेला, तर व्हॉल्व्ह दोषी. आजार तिथेच राहिला, तर दोष आतला. मात्र उघडण्याआधी तो सगळा भाग घासून पुसून स्वच्छ करा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा. या यंत्राला वाळूचा एक कणही पुरतो.

लिफ्ट चालते, पंप फिरतो, पण चाक गप्प? मागची बाजू जॅकने उचलून, भक्कम स्टँडवर ठेवून, इंजिन बंद असताना चाकं बघा. अॅक्सल फिरतो आणि चाक नाही, तर हबची चावी किंवा बोल्ट. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट फिरलं पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे मी प्रत्येक भागात सांगतो आणि सांगत राहणार.

गळती शोधताना हातही फिरवायचा नाही. भाराखाली आतला दाब हजार पीएसआयच्या वर जाऊ शकतो. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार दिसत नाही, पण कातडी फोडून आत जाते आणि मग थेट ऑपरेशन थिएटर. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग त्यावर पडेल.

आणि शेवटी, सगळं बघून झालं, सगळं ठीक निघालं, तरच प्रेशर गेज. चार्ज पंपाचा दाब मोजायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचा. आकडा कमी आला की मग म्हणा, आतलं उघडायला हवं. तोपर्यंत 'ट्रान्समिशन गेलं' हे वाक्य उच्चारायचं नाही.

मी एवढं का तळमळून सांगतोय

कारण मी स्वतः ही चूक केलीय. पूर्वी मी रोड रोलरच्या सर्व्हिसला होतो. सोलापूरकडे एका रस्त्याच्या कामावर रोलर बंद पडला. पंप ओरडत होता, ओढत नव्हता. मी तरुण, आवाज ऐकला आणि रुबाबात सांगितलं, पंप गेला. पंप काढला, पुण्याला पाठवला. तीन दिवस रोलर उभा. डांबराचा प्लांट थांबलेला. रोजंदारीवरची माणसं सावलीत बसून, आणि त्यांची मजुरी बुडत होती. टेस्ट बेंचवरून निरोप आला: पंप एकदम ओके.

दोष कुठे होता? टाकीतून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपात. बाहेरून धडधाकट, आतलं अस्तर सुटून लोंबत होतं. पंप ओढायला लागला की ते अस्तर आत दुमडायचं आणि नळी बंद. पाइप काढून आत टॉर्च मारला असता तर तासाभराचं काम होतं.

त्या दिवशी मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. मुकादम फक्त म्हणाला, "साहेब, आधी तोंडाकडून बघायचं होतं, पोटाला कशाला हात घातला?" ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

ओहायोची बातमी

तर आमच्या मित्राने काय केलं? नवीन पिन मागवली, काही डॉलरची. पण खिळ्याने हबचं भोक अंडाकृती झालं होतं. त्यात नवी पिन घातली असती तर तीही ढिली होऊन तुटली असती. म्हणून हबही बदलला. मागच्या आणि पुढच्या कपलिंगच्या चकत्या तडकलेल्या होत्या, त्याही बदलल्या. एवढं उघडलंच आहे तर तेल आणि फिल्टर नवे केले.

तेल बदलल्यावर एक काम राहतं, हवा काढणं. मागची चाकं स्टँडवर, इंजिन कमी वेगावर, लिव्हर हळूहळू थोडा पुढे, थोडा मागे, काही वेळा. सुरुवातीला झटके येतात, मग तेल भरतं आणि आवाज शांत होतो. इंजिन बंद करून पातळी पुन्हा बघायची, कमी झालेली असते, भरायची. लगेच पूर्ण भार टाकायचा नाही.

सगळ्याचा खर्च त्या ९०० डॉलरच्या जवळपासही गेला नाही. गेल्या आठवड्यात त्याची दुसरी व्हॉइस नोट आली. मागे इंजिनाची फटफट. लिव्हर पुढे केल्यावर इंजिनाचा आवाज किंचित दबतो, भार घेतो, आणि मग चढ चढतानाचा एकसुरी आवाज. मी ती नोट दोनदा ऐकली. त्याने त्या तुटक्या खिळ्याचा फोटो आजोबांना दाखवला म्हणे. आजोबा हसून म्हणाले, "मी नंतर नीट पिन बसवणारच होतो."

सगळ्यांच्या घरात एक तरी 'नंतर' असतोच.

जाता जाता, स्क्रीनशॉट काढायला

इंजिन दबतं का नाही, ते ऐका.
बायपास बंद, ब्रेक सुटलेला, तेल योग्य पातळीला आणि स्वच्छ.
लिफ्ट आणि गाडी दोन्ही बंद: शाफ्ट, कपलिंग, पिन, फिल्टर.
लिफ्ट चालू, गाडी बंद: जोडणी, व्हॉल्व्ह आणि पुढचं सगळं.
एकाच दिशेने बंद: चेक व्हॉल्व्ह.
तापल्यावर बंद: आधी पंखा आणि तेल, मग झीज.
न्यूट्रलमध्ये सरकते: खाच आणि सेटिंग.
सगळ्यात शेवटी गेज. त्यानंतरच निकाल.

तुमच्याकडे असं एखादं यंत्र असेल, इथे किंवा तिकडे, की ज्याला कुणीतरी न उघडता 'गेलं' म्हणून टाकलंय, तर व्हॉइस नोट पाठवा. आवाज रेकॉर्ड करताना फोन इंजिनापासून हातभर लांब धरा, नाहीतर फक्त खरखर ऐकू येते. आणि प्लीज, फिरत्या शाफ्टजवळ सेल्फी नको.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, आधी तोंडाकडून बघा!